ट्रान्स जोडीदार शोधण्याचा तो सल्ला नेमका कोणाच्या सोयीचा?

मार्कंडेयकाठ
'कॉलेजच्या गावात ट्रान्सजेंडर मैत्रीण ऑनलाइन कशी शोधावी' अशा मथळ्याचा एक लेख गेल्या आठवड्यात बेळगावच्या मुलांमध्ये फिरत होता आणि माझ्या ओळखीच्या अनेकांनी तो पुढे पाठवला. सल्ला थोडक्यात असा: एकाच वेळी शक्य तितक्या जणींना संदेश पाठवा, 'तुम्ही ट्रान्स आहात हे अजिबात ओळखू येत नाही' अशा स्तुतीने सुरुवात करा, शस्त्रक्रिया झाली आहे का हे आरंभीच विचारून घ्या, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही, आणि गावात सगळे ओळखीचे असल्यामुळे पहिली भेट शहराबाहेरच्या एखाद्या लॉजवर ठरवा. मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदलेली स्त्री, याच गावात शिकले आणि याच गावात नोकरी करते, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

ओळखू येत नाही हे कौतुक ठरते ते ओळखू येणे लाजिरवाणे आहे असे आधीच धरले तरच. ज्या मुलीचा आवाज किंवा उंची चारचौघींपेक्षा वेगळी आहे, तिने या कौतुकाचे काय करायचे? शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्यांनी तोवर माझे गाव, माझा विषय, माझी आवड यांपैकी काहीही विचारलेले नसते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

सर्वांत घातक सल्ला लॉजचा आहे. काउंटरवर दोघांचेही आधार कार्ड मागतात. जिच्या कार्डावरील नाव आणि छायाचित्र अजून बदललेले नाही, तिचे जुने नाव तिथला माणूस मोठ्याने वाचतो, वहीत उतरवून घेतो आणि पुढे ती बाजारात दिसली की त्याच नावाने हाक मारतो. तिच्यासोबत आलेल्या मुलाला कोणी हाक मारत नाही. बंद खोलीत काही विपरीत घडलेच, तर 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात लैंगिक अत्याचाराला 6 महिने ते 2 वर्षे इतकीच शिक्षा ठेवली गेली, तर भारतीय न्याय संहितेत बलात्काराची शिक्षा 10 वर्षांपासून सुरू होते. लपवाछपवी मुलाच्या सोयीची आणि तिचा सगळा धोका मुलीच्या पदरात, असा हा हिशोब आहे.

मी शिकत असताना एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कॉलेज रोडवरच्या चहाच्या हॉटेलात भेट ठरवली होती. मी पोहोचले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी जवळ जाण्याआधीच त्याचा संदेश आला, 'दोन टेबले सोडून बसा, मी इथूनच बोलतो.' अर्धा तास आम्ही एकाच छपराखाली फोनवर लिहीत राहिलो आणि निघताना त्याने फक्त स्वतःच्या चहाचे पैसे दिले. तो वाईट नव्हता, घाबरला होता, हे मला कळते. पण ज्याला चारचौघांत माझ्यासमोर बसता येत नाही त्याने मला भेटायला बोलावू नये. आधी मनाची तयारी करावी, मग संदेश पाठवावा.

जुना वकील
लेख मलाही पटलेला नाही, परंतु आपण मुलांची बाजू एका वाक्यात उरकली आहे. खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून आलेला, टिळकवाडीत काकांच्या घरी राहून शिकणारा मुलगा कॉलेज रोडवर कोणासोबत दिसला हे संध्याकाळच्या आत गावी पोहोचते. वडिलांनी फी भरणे बंद केले तर त्याचे शिक्षण संपते. त्याच्या लपवण्याला आपण सरसकट अपमान म्हणणार असाल तर ते मला मान्य नाही.

दुसरे म्हणजे, खोट्या प्रोफाइलवरून मुलांना निर्जन जागी बोलावून मारहाण करणे, चित्रफीत काढून पैसे उकळणे, असे प्रकार मी व्यवसायात पाहिले आहेत. संहितेच्या कलम 308 खाली हा खंडणीचा गुन्हा आहे आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. तरीही घरी कळेल या भीतीने मुले पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ट्रान्स व्यक्तीने प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत तसे लिहावे. समोरच्याला ते कळण्याचा अधिकार आहे.

खानापूरची
वकीलसाहेब, खंडणीखोर टोळ्या खोटी प्रोफाइले काढतात, म्हणून खऱ्या माणसांनी पहिल्या ओळीत स्वतःची ओळख लिहून द्यावी, हा कोणता न्याय? माझा धाकटा भाऊ ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदला गेलेला. त्याने पहिल्या ओळीत लिहून पाहिले, तेव्हा शिव्या आल्या, नाहीतर शरीराविषयीचे प्रश्न आले, आणि त्याच्या वर्गातील एकाने त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या गटात टाकला. त्याने ती ओळ काढली आणि ओळख थोडी वाढल्यावर सांगितले, तेव्हा 'फसवलेस' हे ऐकावे लागले. या दोन्हींतून त्याने काय निवडावे, हे आपणच सांगा.

शिवाय त्या लेखात आणि वरच्या दोन्ही उत्तरांत ट्रान्स पुरुषांचा एका शब्दाने उल्लेख नाही. जणू ते महाविद्यालयात शिकतच नाहीत आणि त्यांना सोबत नकोच आहे!

निपाणीकर
हे सगळे पुण्या-बंगळूरकडून आलेले प्रश्न आहेत. आपल्या भागाने या लोकांना कधी हिडीसफिडीस केले नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला जाऊन पाहा, कोल्हापूर आणि निपाणीकडची हजारो माणसे देवीला सोडलेल्या, बाईच्या वेशातील जोगत्यांच्या डोक्यावरील जगापुढे, म्हणजे देवीच्या मूर्तीच्या टोपलीपुढे, हात जोडतात. ट्रान्स लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, कर्नाटक जानपद अकादमीचे अध्यक्षपद मिळाले. मोबाईलवर जोडीदार शोधण्याची वेळ आपल्या परंपरेने त्यांच्यावर आणली नव्हती. देवीच्या नावाने त्यांना स्थान होते, मान होता.

तिसरे वर्ष
मी इथे नवीन आहे. अ‍ॅपवर एका मुलीशी महिनाभर बोलणे सुरू आहे, तिने ट्रान्स असल्याचे स्वतःहून सांगितले आहे. मला तिला भेटायचे आहे, पण कसे विचारावे आणि कुठे भेटावे हे कळत नाही. कोणी सांगेल का?

सौंदत्ती रस्ता
निपाणीकर, मान कुठपर्यंत होता ते मी सांगतो, कारण मी तो घरात पाहिला आहे. माझ्या आजोळी, सौंदत्ती तालुक्यातच, आईचा चुलत भाऊ लहानपणी देवीला सोडलेला होता. आम्ही सगळी मुले मावशी म्हणत असू. मंगळवारी-शुक्रवारी बायका मावशीच्या पाया पडत, परडीत जोगवा घालत, भंडारा लावून घेत. तीच मावशी तापाने फणफणली तेव्हा पाणी द्यायला कोणी उंबरा ओलांडला नाही, आणि भाड्याची खोली दर दोन-तीन वर्षांनी सोडावी लागत असे.

मावशीला सोबती होता. गावातलाच, पिठाची गिरणी चालवणारा, बायको-मुले असलेला माणूस. रात्री येई आणि पहाटेच्या आत जाई. हे साऱ्या गावाला ठाऊक होते आणि साऱ्या गावाने तोंड शिवले होते. तो वारला त्या दिवशी मावशीला त्याच्या दारात उभे राहू दिले नाही. ती गिरणीच्या ओट्यावर बसून राहिली, आणि संध्याकाळी त्याच्या थोरल्या मुलाने येऊन 'इथून उठा, लोक बघतात' असे सांगितले. जिच्या पाया पडायचे, तिला सुतकसुद्धा पाळू द्यायचे नाही, याला मी स्थान म्हणत नाही.

देवीशी लग्न लागले असे मानल्यावर जोडीदार मागण्याचा हक्कच उरत नाही. आजची मुलगी मोबाईलवर उघडपणे सोबती शोधते, तेव्हा ती मावशीने आयुष्यभर चोरून केलेली गोष्ट दिवसाढवळ्या करू पाहते. त्याला बाहेरून आलेले म्हणू नका.

निपाणीकर
आपण एका घरातील दुःखावरून लाखो भाविकांच्या श्रद्धेवर बोट ठेवत आहात. 'उदं गं आई उदं' म्हणत डोंगर चढणाऱ्या माझ्या आईने जोगत्यांना आपल्या ताटात जेवू घातले आहे, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिला आपण ढोंगी म्हणणार का? बोलायचेच असेल तर सरकारशी बोला. सीमाभागात 15 टक्क्यांहून अधिक मराठी माणसे असूनही बरेचसे अर्ज कन्नडमध्येच भरावे लागतात. ओळखपत्राच्या ज्या अर्जांवर या लोकांचे आयुष्य अवलंबून आहे ते त्यांच्यातील अनेकांना वाचताही येत नाहीत, त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

सौंदत्ती रस्ता
आपल्या आईला मी ढोंगी म्हटलेले नाही, आणि तसे माझ्या तोंडी घालू नये. ताटात जेवू घालणारी माणसे होती, हे मान्य. पण त्यांच्यापैकी एकही त्या दिवशी गिरणीच्या ओट्यावर मावशीशेजारी येऊन बसला नाही. मी तेव्हा मोठा होतो, मला सगळे आठवते, आणि श्रद्धेचा विषय आला म्हणून मी ते सांगायचे थांबवणार नाही.

मार्कंडेयकाठ
निपाणीकर, अर्जांच्या भाषेची तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी तुमच्याबरोबर करायला तयार आहे. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीने ट्रान्स असल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रासाठीची कागदपत्रे शेजाऱ्याकडून वाचून घेतली आणि त्यामुळे तिने घरात सांगण्याआधीच गल्लीत सगळ्यांना समजले. पण श्रद्धेवरून आपण भांडत बसू नये, कारण अ‍ॅपवर भेटणाऱ्या बहुतेक मुलींचा जोगवा-परडीशी संबंध नाही. कोणी परिचारिकेचे शिक्षण घेते, कोणी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. 'म्हणजे तुम्ही जोगती का?' असा पहिला प्रश्न मलाही अनेकदा आला आहे. परंपरेचा मान राखायचा असेल तर आधी समोरच्या व्यक्तीला तिच्या आयुष्याविषयी विचारावे.

वकीलसाहेबांनी मांडलेली मुलांची भीती मी नाकारत नाही. पण गावातच ओळखीचे भेटतील म्हणून आम्हीही बाहेर जातोच. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत ट्रान्स व्यक्तींनाही सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे, त्यामुळे धारवाडला भेट ठरवणे कोल्हापूरला ठरवण्यापेक्षा स्वस्त पडते. तरी वाहकापुढे कार्ड धरावे लागते, तो कार्डावरील मुलाच्या छायाचित्राकडे आणि माझ्या साडीकडे आळीपाळीने पाहतो, आणि मागची सगळी बस माना वर करते. भेटीला येताना मुलीने हे सगळे पार केलेले असते. समोरच्याने निदान एका टेबलाशी बसावे, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

जुना वकील
नाही, जास्त नाही. लॉजचा सल्ला मागे घेतलाच पाहिजे आणि आधार कार्डाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे नमूद करतो. अशा नात्यांना भविष्य नाही असे मुलांना घरी सांगितले जाते, म्हणून कायद्याची स्थितीही सांगून ठेवतो. मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हिंदू विवाह कायद्यातील वधू या संज्ञेत ट्रान्स स्त्रीचा समावेश होतो असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, परंतु त्याच निकालात ट्रान्स स्त्रीचा पुरुषाशी किंवा ट्रान्स पुरुषाचा स्त्रीशी विवाह प्रचलित कायद्यांखाली होऊ शकतो असे स्पष्ट केले. तेव्हा खानापूरच्या ताईंच्या भावालाही हा मार्ग मोकळा आहे.

मात्र प्रत्यक्ष भेटीपूर्वी सांगितले गेले पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. पहिल्या ओळीचा आग्रह सोडतो.

खानापूरची
भेटीपूर्वी सांगण्याला माझ्या भावाचाही विरोध नव्हता. कोणाला, कधी आणि किती सांगायचे हे त्याने ठरवावे, एवढेच मी म्हणत होते. सांगितल्यानंतर समोरचा ते चारचौघांत उधळणार नाही याची जबाबदारी मात्र आपण अजूनही कोणावर टाकलेली नाही. ज्याने माझ्या भावाचे पान वर्गात टाकले तो आजही त्याच बाकावर बसतो, आणि भावाने महिनाभर कॉलेज बुडवले. या मुद्द्यावर मला अर्धवट कबुली नको आहे.

जुना वकील
ती जबाबदारी ऐकणाऱ्याचीच आहे. यात दुमत नाही.

मार्कंडेयकाठ
तिसरे वर्ष, तुमचा प्रश्न आमच्या वादात मागे पडला, त्याबद्दल क्षमस्व. तिने स्वतःहून सांगितले आहे, म्हणजे तुमच्यावर विश्वास टाकला आहे. तेव्हा तिचे संदेश आणि छायाचित्रे जिवलग मित्रालाही दाखवू नका. भेटण्यापूर्वी एकदा व्हिडिओ कॉल करा, म्हणजे समोरची व्यक्ती खरी आहे याची दोघांचीही खात्री होईल आणि वकीलसाहेब म्हणतात त्या टोळ्यांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटेल. आपले अंतर लपवण्याची आणि फोनमधील ओळखीचे क्रमांक आधीच रोखून ठेवण्याची सोय तुमच्या अ‍ॅपवर असेल तर दोघांनीही ती वापरा, कारण आपल्या गावात 'एक किलोमीटर' एवढे दिसले तरी गल्ली ओळखता येते.

जागा तिला निवडू द्या. मला विचाराल तर सकाळचा व्हॅक्सिन डेपो किंवा किल्ला तलाव बरा, फिरायला येणाऱ्यांची ये-जा असते आणि कोणी थांबून निरखत नाही. तिने मैत्रिणीला सोबत आणले तर वाईट वाटून घेऊ नका, आणि तुम्हीही कुठे जात आहात हे एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा. तिचे नाव सांगण्याची गरज नाही. शरीर, औषधे, शस्त्रक्रिया हे विषय ती काढेल तेव्हाच. मराठीत बोलायचे की कन्नडमध्ये, हेही विचारा, कारण ट्रान्स आहे म्हणून नव्हे तर भाषेमुळे मोकळे होता आले नाही, असेही इथे घडते. आणि तुमच्या ओळखीचे कोणी समोर आलेच, तर तिची ओळख काय म्हणून करून द्यायची हे जाण्यापूर्वी तिलाच विचारून ठेवा, आणि ती सांगेल तेच त्यांना सांगा.