शब्दचर्चा: फर्लांग, तास आणि ‘म्हातारा’ घोडा

पांदणवाट: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी इंग्लंडातल्या ॲस्कॉट गोल्ड कपवर पानभर लिहितो आहे. 1807 पासूनची शर्यत, अंतर 20 फर्लांग, घोडे चार वर्षांचे नि त्यापुढचे. मी लिहिलं, ‘म्हाताऱ्या घोड्यांची लांब पल्ल्याची सपाट शर्यत’. ओसरीवर आबाजी वाती वळत बसले होते, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “चार वर्साचं जनावर म्हातारं? त्याचे दात तरी जुळले का?” आता शब्द सुचवा. फर्लांगाला मराठीत काही आहे का?

काळीमाती: आबाजी बरोबर बोलले भाऊ. घोड्याचे पुढचे दात पाचव्या वर्सी पुरे होतात. चार वर्साचा घोडा म्हंजे ऐन उमेदीतला. म्हातारा काहून म्हंता?

जुना तलाठी: घोळ इंग्रजीतल्या ‘ओल्डर’चा आहे. तिकडे तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती वेगळ्या, आणि चारच्या पुढचे सगळे ‘ओल्डर’. पूर्वी असं नव्हतं. अठराव्या शतकात पाच-सहा वर्षांचे घोडे चार-चार मैल पळवत, तेही एकाच दिवशी पुन्हा पुन्हा. मग सेंट लेजर (1776), ओक्स (1779), डर्बी (1780) आल्या, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी आणि कमी अंतराच्या. पैसा आणि नाव तिकडे वळलं. मोठ्या घोड्यांचा दम पाहायला कप राहिले: डॉनकास्टर 1766 चा, गुडवुड 1812 चा आणि तुमचा हा ॲस्कॉटचा. माझं मत ‘पोक्त घोडे’. येट्स नावाच्या घोड्याने 2006 ते 2009 ओळीने चार वेळा गोल्ड कप मारला, शेवटचा आठव्या वर्षी. त्याला म्हातारा म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता फर्लांग. हा शब्द शर्यतीच्या मैदानातला नाहीच, नांगरटीतला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नांगराच्या सरीची लांबी. 220 यार्ड, म्हणजे 660 फूट. त्याला 66 फुटांच्या मोजणी साखळीने गुणा: 43,560 चौरस फूट. एक एकर, आपले 40 गुंठे! नोकरीत जन्मभर एकर लिहिले, पण त्यात फर्लांग लपलाय हे निवृत्तीनंतर कळलं.

काळीमाती: मंग त्याले आपल्याकडं शब्द हाये ना! तास. बैल या धुऱ्याहून निघाले अन् त्या धुऱ्याले पोचले की एक तास. तिथं वळताना बैल जरा थांबतो, नाकातून फुस्स करतो, मंग दुसरा तास धरतो. फर्लांग म्हंजे तासच झाला.

पांदणवाट: वा! पण ‘20 तासांची शर्यत’ छापलं तर पोरं म्हणतील घोडे रातभर पळत होते.

काळीमाती: 😄 ते खरं हाये. राहू द्या मंग.

जुना तलाठी: फर्लांगच ठेवा. रस्त्याकडेला फर्लांगाचे दगड होते तेव्हापासून ‘फर्लांगभर चाललो की घर’ आपण म्हणतोच, तो परका उरलेला नाही. कंसात 4 किलोमीटर लिहा. ‘सपाट’ मात्र काढा. तिथे ‘फ्लॅट’ म्हणजे उड्या मारायचे अडथळे नसलेली. ॲस्कॉटचा शेवटचा टप्पा तर चढाचा आहे. ‘बिनअडथळ्यांची’ चालेल.

आणि एक गंमत घाला. 1845 ते 1853 या शर्यतीचं नाव एम्परर्स प्लेट होतं, रशियाच्या झार निकोलसने बक्षीस दिलं म्हणून. मग रशियाशी क्रिमियाचं युद्ध पेटलं आणि नाव परत गोल्ड कप.

धुरकरी: उशिरा आलो. ‘शर्यत’ऐवजी ‘पट’ लिहू नका, एवढंच सांगतो; पट म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहा: धुरकऱ्याने (जोडी हाकणाऱ्याने) छकडा सोडला की डोळा लवतो न लवतो तोच जोडी पार, सेकंदाच्या तुकड्यावर निकाल. पटात झपाटा लागतो, कपात दमसास. दोन्हीले एक शब्द नाही पुरणार.

पांदणवाट: पक्कं केलं: ‘चार वर्षे व त्यापुढील पोक्त घोड्यांची, 20 फर्लांगांची (सुमारे 4 किलोमीटर) बिनअडथळ्यांची शर्यत’. आबाजींना पुन्हा वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अन् त्या येट्सच्या जोडीले कोण होता?”