जिम रीव्हजचे मेल्यानंतरचे नंबर वन 'नकली' म्हणणाऱ्यांसाठी

वाडीवरचा
परवा इथेच खरखर यांनी लिहिलं की जिम रीव्हज, अमेरिकेतला जुना कंट्री गायक, म्हणजे अर्धा गायक आणि अर्धा कंपनीचा माल, १९६४ ला विमान पडलं तिथेच त्याचं गाणं संपलं, पुढचे सगळे नंबर वन बायकोने आणि आरसीए या रेकॉर्ड कंपनीने जुन्या टेपा उकरून बनवलेले, ते मोजायचेच नाहीत. वर आणि हे, की आपल्याकडचे लोक नाताळ आला की हेच लावून बसतात, त्यांना कंट्री कशाशी खातात ते माहीत नाही. सोडून देणार होतो पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लांबलंय.

आधी जिवंतपणीचं बघू. १९५३ ला मेक्सिकन जो, मग बिम्बो, ही दोन्ही गाणी कंट्रीच्या चार्टवर एक नंबर, तेही ॲबटसारख्या छोट्या लेबलवर. १९५५ ला आरसीए. १९५७ ला फोर वॉल्स, कंट्रीत एक आणि पॉपमध्ये अकरा. १९५९ ला बिली बायू परत एक नंबर. आणि मग हील हॅव टू गो. ती मुळात रेकॉर्डची बी साइड होती हो! कंपनीला पुढची बाजू चालवायची होती, रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि १९६० मध्ये ते गाणं कंट्रीत १४ आठवडे वर बसलं, पॉपमध्ये दोनवर गेलं, डोक्यावर फक्त पर्सी फेथचं समर प्लेस. ब्रिटनमध्ये १९६४ ला, बीटल्स ऐन भरात असताना, आय लव्ह यू बिकॉज पाचपर्यंत आणि आय वोन्ट फरगेट यू तीनपर्यंत. कंपनीचा माल असा चढत नाही.

आता ३१ जुलै १९६४ नंतरचं. आय गेस आयम क्रेझी ही रेकॉर्ड तर तो गेला तेव्हा बाजारात होती, चढत होती, ऑगस्टमध्ये वर पोचली. ती काय उकरून काढली? मग धिस इज इट, इज इट रिअली ओव्हर, डिस्टंट ड्रम्स, ब्लू साइड ऑफ लोन्सम आणि १९६७ ला आय वोन्ट कम इन व्हाइल ही'ज देअर. सहा झाले. या सहांपैकी एकातही दुसऱ्याचा गळा नाही. हील हॅव टू गो रात्री हेडफोन लावून ऐका, पहिल्या ओळीला तो माइकच्या इतका जवळ आहे की ओठ सुटल्याचं कळतं, आवाज खाली खाली जातो तरी एक अक्षर बुडत नाही, मागे व्हायब्राफोनचे चार थेंब, बस्स. हाच गळा १९६६ ला आहे, हाच १९६७ ला. लोकांनी तो गळा विकत घेतला.

आणि नाताळचं म्हणाल तर आमच्या वसईत त्याची ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस घरोघरी वाजते. पप्पा येशूजन्माचा गोठा बांधायला बसले की पहिली हीच लागायची. त्यांना कोणी कंट्री शिकवायची गरज नव्हती.

खरखर
नाव घेऊन लिहिलंत तर उत्तरही घ्या. 'अर्धा माल' हे शब्द माझेच आहेत, मागे घेत नाही.

सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलात. डिस्टंट ड्रम्स. ते सिंडी वॉकर या गीतकार बाईचं गाणं, रीव्हजने तिच्यासाठी डेमो म्हणून, म्हणजे नुसता नमुना म्हणून गायलं. कंपनीला तेव्हा त्यात दम वाटला नाही, टेप पडून राहिली. तो गेला, मग त्यावर वाद्यवृंद चढवला आणि १९६६ ला बाजारात आणलं. ब्रिटनमध्ये पाच आठवडे एक नंबर! गाणाऱ्याने जे तयार झालेलं ऐकलंच नाही, ज्याला हो म्हटलं नाही, ते त्याचं यश कसं? ते आरसीएचा निर्माता चेट ॲटकिन्सचं यश आहे, बायको मेरी रीव्हजचं यश आहे. त्यांना द्या ना मग, माझी काही हरकत नाही.

आणि कंट्रीचं म्हणाल तर फिडल गेलं, स्टील गिटार गेली, त्या जागी व्हायोलिनं आणि अनिता करचा कोरस. नॅशव्हिल साउंड म्हणे. त्याच्या आधीचा कंट्री गायक हँक विल्यम्स, त्याच्या गाण्यात धूळ आहे, घाम आहे. रीव्हज ऐकताना सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. माझं हे मत कॉलेजपासून आहे आणि बदलणार नाही.

टेक्सासकर
ह्यूस्टनहून लिहितोय. खरखर साहेब, हँकचं नाव काढलंत म्हणून विचारतो. हँक १ जानेवारी १९५३ ला गेला. युअर चीटिन हार्ट कधी एक नंबर झालं? काव-लायगा कधी? दोन्ही त्याच्यानंतर. आणि पुढे एमजीएम या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच हँकच्या जुन्या रेकॉर्डिंगवर व्हायोलिनं चढवून अख्खे अल्बम काढले. मुलाच्या आवाजाबरोबर बापाचा आवाज जोडून १९६५ ला अल्बम काढला. मग तुमचा हँकही अर्धा माल का? एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असं चालणार नाही.

बाकी इकडची गंमत म्हणजे माझ्या ऑफिसातल्या तिशीच्या टेक्सन पोरांना रीव्हज माहीत नाही. इथे टेक्सासमध्येच कार्थेजला त्याचं स्मारक आहे, आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. स्वतःच्या राज्यात ही अवस्था आणि वसईत घरोघरी. मला त्याचं फार वाईट वाटलं.

खरखर
हँकच्या व्हायोलिनवाल्या रेकॉर्डी मी घरात ठेवत नाही. आपल्या माणसावर केलं तरी ते वाईटच, त्यामुळे नियम एकच आहे. युअर चीटिन हार्ट त्याने स्वतः स्टुडिओत रेकॉर्ड करायला म्हणूनच गायलं होतं, तो डेमो नव्हता, ते त्याचंच. तसं आय गेस आयम क्रेझीही रीव्हजचंच, ठीक आहे, ते एक धरा. बाकीचे राहिलेच.

जुना_कॅसेटवाला
दोघेही भांडताय पण मूळ रोग कोणी सांगत नाही. कुठल्या टेपवर कधी काय चढवलं हे कव्हरवर छापलेलंच नसतं! मी आयुष्यभर 'बेस्ट ऑफ' च्या कॅसेटी घेतल्या, एकाच गाण्याची तीन रूपं निघाली, एकात कोरस, एकात नाही, एकात गिटार वेगळीच. आता तर मोबाइलवर अजून घोळ, फोर वॉल्सच्या खाली वर्ष २०१२ लिहिलेलं पाहिलं मी, माणूस जाऊन अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. पुढच्या पिढीला वाटेल कुठलातरी नवा गायक आहे. ज्यांना मूळ ऐकायचंय त्यांनी बेअर फॅमिली या जर्मन कंपनीचा १९९४ चा १६ सीडींचा संच शोधा, त्यात बरीच गाणी वरचं सगळं न चढवता आहेत. महाग आहे पण निदान प्रामाणिक आहे.

आणि चार्टचा हिशेब करणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्या की ऑक्टोबर १९५८ च्या आधी बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाचे कंट्रीचे चार्ट वेगवेगळे असायचे, विक्रीचा वेगळा, ज्यूकबॉक्सचा वेगळा, रेडिओचा वेगळा. तेव्हाचा एक नंबर आणि नंतरचा एक नंबर एका तराजूत टाकता येत नाही.

निळा_बावटा
कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. १९६२ ला रीव्हजचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा, मग तिथे जाऊन किंबर्ली जिम सिनेमा, मग आफ्रिकान्स भाषेत गाणी. वर्णभेदाचं सरकार होतं तिथे तेव्हा, मंडेलांना त्याच वर्षी पकडलं. चार्ट मोजताना हेही मोजा.

वाडीवरचा
@निळा_बावटा गेला होता, गायला होता, मी लपवत नाही आणि ते मला आवडतही नाही. पण मी लिहिलं ते नंबर वन कोणाचे यावर. वेगळा धागा काढा, मी येईन.

@खरखर डेमो डेमो काय लावलंय. डेमो गाताना माणूस दुसऱ्याच्या गळ्याने गातो का? उलट विक्रीचा विचार नाही, कोणासाठी तरी प्रेमाने गातोय, म्हणून ते इतकं सरळ आलंय.

पॅच_केबल
मी गेली कित्येक वर्षं अंधेरीत साउंडचं काम करते, त्यामुळे थोडं बोलते. त्या काळी ट्रॅक मोजकेच असायचे. आवाज ज्या टेपवर आहे तिथे मागची गिटार, कॉन्ट्राबास थोडेफार सांडलेले असतातच. नंतर वाद्यवृंद चढवायचा म्हणजे गायकाने जिथे श्वास घेतला, जिथे अर्धा ठोका मागे राहिला, तिथे तीस माणसांनी त्याच्या मागे जायचं. तो दुरुस्त करायला हजर नाही. त्यामुळे अशा रेकॉर्डवर सगळे त्याच्या तालावर चालतात, तो कोणाच्या तालावर नाही. हे काम केलेला माणूस 'कंपनीने बनवलं' असं सहज म्हणणार नाही.

पण १९८१ चं वेगळं. कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन १९६३ ला विमान अपघातात गेली, हा १९६४ ला. दोघांनी एकत्र रेकॉर्ड केलेलं एकही गाणं नव्हतं. १९८१ मध्ये दोघांच्या टेपांवरून आवाज घेऊन हॅव यू एव्हर बीन लोन्ली हे युगुलगीत तयार केलं आणि ते कंट्रीत पाचवर गेलं. त्याआधी डेबोरा ॲलन या गायिकेला रीव्हजच्या जुन्या टेपांवर गायला लावलं, त्यातली तीन टॉप टेनमध्ये. वाडीवरचा, तुम्ही सहावर थांबलात. ही पण तुमच्या यादीत आहेत का?

ऑर्केस्ट्रावाली
हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. माझे बाबा ऑर्केस्ट्रात गायचे, गिरगाव, दादर, गणपतीत तर रोज कार्यक्रम. ते गेल्यावर दोन वर्षांनी एका दुकानात भक्तिगीतांची सीडी वाजत होती आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. एका मंडळासाठी त्यांनी फुकट गायलेलं ते गाणं, मागे कीबोर्डचा धिंगाणा चढवलेला, आणि कडव्यात कुठलीतरी बाई त्यांच्याबरोबर गातेय. कव्हरवर नाव नाही. ज्यांनी काढली त्यांना फोन केला तर म्हणाले, बाबांची आठवण जिवंत ठेवली, तुम्ही खूश व्हायला पाहिजे. आई ती सीडी रोज लावायची. मला घरात थांबवायचं नाही. त्यामुळे चार्टवर किती आलं याच्याशी मला घेणं नाही, मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, एवढंच मला कळतं.

वाडीवरचा
ताई, वाईट झालं तुमच्या बाबांच्या बाबतीत. पण त्याचा इथे संबंध नाही. रीव्हजचं सगळं बायकोच्या हातात होतं, चोरी नव्हती.

ऑर्केस्ट्रावाली
संबंध नाही?? मी लिहिलं तेच धाग्याचं उत्तर आहे. बायको हो म्हणाली म्हणजे तो हो म्हणाला असं होतं का? आणि पॅट्सी क्लाइनचं काय, ती कोणाची बायको होती, तिला विचारलं? तुम्हाला तुमच्या पप्पांचा नाताळ जपायचाय म्हणून दुसऱ्याच्या बापाचा विषय नको. सरळ सांगा तसं.

टेक्सासकर
शांत व्हा हो दोघं. वाडीवरचा, 'संबंध नाही' म्हणायला नको होतं. इथे अगदी अलीकडे हाच वाद झालाय. कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिस, २०१३ ला स्ट्रोक आला, गाणं बंद झालं. २०२४ ला त्याचं नवीन गाणं आलं, दुसऱ्या गायकाने गायलं आणि त्यावर एआयने ट्रॅव्हिसचा आवाज बसवला. तो स्वतः हजर होता, त्याची संमती होती. मी गाडीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, डोळ्यात पाणी आलं. पण तो जिवंत आहे, मान हलवून हो म्हणू शकतो. मला तरी रेघ तिथे दिसते.

पॅच_केबल
रेघ तिथे नाही. ट्रॅव्हिसच्या गाण्यात तो गायलेलाच नाही, संमती असली तरी. रीव्हजच्या १९६६ च्या गाण्यात संमती नाही पण गायलाय तोच. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात घालताय. माझ्याकडे आता महिन्याला कोणीतरी येतं, अमक्या गायकाच्या आवाजात करून द्या म्हणून. मी नाही म्हणते, तर शेजारचा मुलगा लॅपटॉपवर करून देतो आणि माझं काम जातं. मला विचाराल तर १९८१ ला ते युगुलगीत पाचवर गेलं तेव्हाच सगळ्यांना कळलं की हे विकतं.

खरखर
हेच तर मी परवा लिहिलं होतं. सगळी सुरुवात डिस्टंट ड्रम्सपासून झाली. एकदा डेमो खपला की मग पेटी उघडीच.

जुना_कॅसेटवाला
सुरुवात हँकपासून झाली, १९६६ च्या कितीतरी आधी. टेक्सासकरांनी सांगितलंय वर.

वाडीवरचा
ताई, तुमचं म्हणणं रात्री परत वाचलं. १९८१ चं युगुलगीत मी माझ्या यादीत कधीच धरलं नव्हतं आणि आता तर धरणारच नाही. डेबोरा ॲलनची तीनही नाही. त्यात त्याला न भेटलेल्या, न निवडलेल्या माणसाबरोबर उभं केलंय. तिथे तुम्ही आणि खरखर बरोबर, लिहून टाकतो, मनाविरुद्ध असलं तरी.

पण त्याच्या एकट्याच्या गळ्यावर नंतर व्हायोलिनं आली म्हणून ते गाणं त्याचं राहत नाही हे मला मान्य नाही. जिवंतपणी पण व्हायोलिनं ॲटकिन्सच बसवायचा, तेव्हाही रीव्हज माइकपाशी उभा राहून गायचं काम करायचा. तेच नंतर झालं.

ऑर्केस्ट्रावाली
जिवंतपणी तो 'हे काढून टाका' म्हणू शकत होता. तेवढा फरक आहे आणि तो मोठा आहे. पण १९८१ वगळलंत, बरं.

खरखर
पाच मी पण धरतो मग, नाइलाजाने. डिस्टंट ड्रम्स धरणार नाही.

वाडीवरचा
ब्रिटनमध्ये त्याचा एकच नंबर वन, आणि तोच सोडायचा? अजिबात नाही. सहा म्हणजे सहा.