प्रभातची तुतारी कापली तर सिनेमा पुरा राहतो का?

शहापूरकर (धाग्याची सुरुवात)

मंडळी, परवा रात्री आजीसाठी मोबाईल टीव्हीला जोडला आणि प्रभातचा एक जुना बोलपट लावला. आजीचं वय 87. चष्मा पुसून, पदर सावरून सरळ बसली. पडद्यावर आलं काय, तर ज्यांनी तो सिनेमा चढवलाय त्यांची गरगरणारी सोनेरी निशाणी, कानात दडे बसतील असा आवाज आणि लगेच नटांची नावं. आजी म्हणाली, "तुतारीवाली बाई आलीच न्हाई की." मी म्हटलं, कापली असेल. ती म्हणाली, "मग हे प्रभातचं कसं?"

तिच्या या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

प्रभात फिल्म कंपनी 1 जून 1929 ला कोल्हापुरात निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. 1932 साली त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढून मराठीला पहिला बोलपट दिला आणि 1933 ला कंपनी पुण्याला गेली. निशाणी कोणती घेतली, तर मान मागं टाकून तुतारी फुंकणारी स्त्री. कंपनीचं नाव प्रभात, म्हणजे पहाट, आणि ही बाई पहाट झाल्याची वर्दी देणारी. नाव आणि चित्र इतकं एकजीव झालेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता पुढचं बघा. पन्नासच्या दशकात कंपनी बंद पडली. स्टुडिओच्या जागेवर 1960 पासून सरकारी फिल्म संस्था आहे. म्हणजे आज ही तुतारी सांभाळायला कंपनीच नाही. ती बाई उरलीय फक्त त्या सिनेमांच्या तोंडाशी. तिथूनही तिला काढलं तर ती राहणार कुठं?

माझं म्हणणं एवढंच: सिनेमा पहिल्यांदा लागला त्या दिवशी पडद्यावर जी निशाणी होती ती त्या सिनेमाचा भाग आहे. हक्क कुणीही विकत घ्यावेत, स्वतःची निशाणी त्याच्या आधी लावावी, पण जुनी कापू नये.

खडेबाजारवाला

काय बोलूलालास रे! निशाणी म्हणजे दुकानाचा बोर्ड. दुकान विकलं की बोर्ड बदलतो, याच्यात रडायचं काय?

जगभर हेच चालतं. हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे ते उंच अक्षरांवर फिरणारे झोत आणि आल्फ्रेड न्यूमनची धून सगळ्यांना पाठ आहे. ती धून 1933 ची, म्हणजे फॉक्समध्ये विलीन होण्याच्याही आधीची, नुसत्या ट्वेंटिएथ सेंच्युरीची. 1935 ला दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा नाव वाढलं. 1994 ला सगळं संगणकावर नव्यानं केलं. 2019 ला डिस्नेनं घेतली आणि 2020 ला 'फॉक्स' हा शब्दच काढून टाकला. झोत तेच, धून तीच. कंपनी जिवंत असेल तर निशाणी बदलणारच. बदलली नाही तर समजावं की कंपनी मेली.

शहापूरकर

काका, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. नव्या सिनेमांना नवं नाव लावा, कोण नको म्हणतंय? मी बोलतोय ते 1936 च्या सिनेमावर 2020 नंतरची निशाणी डकवण्याबद्दल.

आपल्याच गावचा माल घेऊन सांगतो. बेळगावचा कुंदा पुण्यात नेऊन विकणाऱ्यानं डब्यावरचं मिठाईवाल्याचं नाव खरवडून आपलं चिकटवलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

खडेबाजारवाला

कुंद्याचा मिठाईवाला जिवंत आहे, उद्या जाऊन भांडेल. प्रभातच्या वतीनं भांडायला कोण येणार? ज्यानं पैसे मोजले तो मालक.

आणि बोर्डाचंच बोलायचं तर ऐक. आपल्या गावात बोर्ड बदलणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. वडिलांच्या काळातला हातानं रंगवलेला मराठी बोर्ड उतरवताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आता कर्नाटकाच्या नियमाप्रमाणं साठ टक्के कन्नड आहे. गावाचं नाव सरकारी कागदावर 2014 ला बदललं, तेही लिहितो. पण माझ्या दुकानातलं कापड बदललं नाही आणि गिऱ्हाईकही तुटलं नाही. माणूस माल बघायला येतो. सिनेमाचंही तेच. आजीनं पुढचा सिनेमा बघितला की नाही?

शहापूरकर

बघितला. शेवटपर्यंत बघितला, हे खरं सांगायला हवं.

पण काका, तुम्ही तो जुना बोर्ड भंगारात दिला नाहीत. दुकानात गल्ल्याच्या मागं भिंतीला लावून ठेवलाय, मी बघितलाय. तेवढंच मागतोय मी तुतारीसाठी.

खानापूरची बाई

मी शिक्षिका आहे, सिनेमातली जाणकार नाही, पण शहापूरकरांच्या बाजूनं एक उदाहरण देते. मेहबूब खान यांच्या कंपनीची निशाणी होती विळा-हातोडा, त्यावर इंग्रजी एम, आणि सोबत शेर: मुद्दई लाख बुरा चाहे तो क्या होता है, वही होता है जो मंजूर-ए-खुदा होता है. एका हातात कामगारांची खूण आणि दुसऱ्या हातात ईश्वराची इच्छा. माणूस काय मानत होता ते पंधरा सेकंदांत कळतं. आणि 1957 चा 'मदर इंडिया' अमेरिकेत ऑस्करला पाठवताना ही निशाणी काढून टाकली, कारण तिथं विळा-हातोडा खपणार नव्हता. म्हणजे निशाणी हा नुसता बोर्ड असता तर तिची कुणाला भीती वाटली नसती.

दूरदर्शनचंही सांगते. ते चिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या देबाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्यानं काढलं. पण माझ्या मनात बसलंय ते चित्र नाही, त्याची चाल. दोन आकार संथपणे फिरत यायचे, जवळ यायचे, त्यांचा डोळा व्हायचा, मागं पंडित रविशंकरांची धून. आमच्या घरी ते सुरू झालं की आई चुलीवरचं भांडं उतरवून यायची. 2024 ला डीडी न्यूजचं चिन्ह लालचं केशरी झालं तेव्हा सगळे रंगावरून भांडले. माझ्या मते खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधीच झालं होतं, त्या संथपणाचं. आता कुठलीच निशाणी डोळा भरून बघू देत नाही.

एडिटिंगवाला_टिळकवाडी

ताई, दादा, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण मी रोज व्हिडिओ कापतो, त्यामुळं दुसरी बाजू सांगतो.

एक तर जुनी निशाणी जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी केलेली. आजचा टीव्ही आडवा. तशीच ठेवली तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, ताणली तर तुतारीवाली बाई बुटकी आणि जाडी. दुसरं म्हणजे मोबाईल. बोटाएवढ्या पडद्यावर बारीक रेघा दिसतच नाहीत, म्हणून सगळ्या कंपन्या सपाट, ठसठशीत निशाणीकडं वळल्या. आणि तिसरं कुणालाच आवडणार नाही, पण खरं आहे: पहिल्या दहा सेकंदांत बघणारा पळतो. म्हणून दहा सेकंदांत आम्ही माणूस दाखवतो, निशाणी नाही.

शिवाय 'मूळ निशाणी' हे तुम्ही समजता तेवढं ठाम नसतं. राज कपूरच्या स्वतःच्या कंपनीचा, आर. के. फिल्म्सचा, पहिला सिनेमा 'आग', 1948. एका हातात नायिका आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन ही प्रसिद्ध खूण आली 1949 च्या 'बरसात'मधल्या प्रसंगावरून. म्हणजे खुद्द मालकानंच वर्षभरात निशाणी ठरवली. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा सिंह घ्या. 1924 चा स्लॅट्स मूकपटातला, त्याची डरकाळी कुणी ऐकलीच नाही. पुढं सिंह बदलत गेले, 1957 पासून लिओ, आणि 2021 ला संगणकावर बनवलेला. यातला खरा कुठला म्हणायचा?

शहापूरकर

सगळे खरे, आपापल्या सिनेमापुरते. 'आग'ला त्या वेळी जे होतं ते, 'बरसात'नंतर जे आलं ते. त्यासाठीच मी म्हटलं, सिनेमा लागला त्या दिवशी जे पडद्यावर होतं ते. ही कसोटी सोपी आहे.

काळ्या पट्ट्यांचं कारण मात्र पटलं नाही. तोच पुढचा दोन तासांचा सिनेमा तुम्ही काळ्या पट्ट्यांसकट दाखवता ना? मग बारा सेकंदांनी काय घोडं मारलं?

एडिटिंगवाला_टिळकवाडी

हे बरोबर बोललात. पट्ट्यांचं मागं घेतो. दहा सेकंदांचं नाही घेत.

जुना ऑपरेटर, निपाणी

तुमचं भांडण वाचून राहवलं न्हाई. मी निपाणीच्या एका टॉकीजात 1971 पासून मशीन चालवलं. शहापूरकर, तुमची ती "लागला त्या दिवशी" कसोटी ऐकायला सोपी, पण आमच्या गावात ती लागू कशी करणार ते सांगा.

नवी प्रिंट आधी मोठ्या शहरात. तिथनं फिरत फिरत आमच्याकडं यायची ती महिन्यांनी, जुनी झाली तर वर्षांनी. आता रिळाचं गणित बघा. एका सेकंदाला 24 चौकटी, एका फुटात 16. बारा सेकंदांची निशाणी म्हणजे अठरा फूट फिल्म, आणि ती कुठं असते, तर पहिल्या रिळाच्या अगदी तोंडाला. मशीनला फिल्म चढवताना, काढताना, डब्यात भरताना हात लागतो तो तोंडालाच. ओरखडे तिथं, छिद्रं फाटतात तिथं. फाटलं की ऑपरेटर चार चौकटी कापणार, सिमेंट लावून जोडणार. पुढच्या गावचा आणखी चार कापणार. आमच्यापर्यंत येईस्तोवर निम्मी निशाणी गेलेली असायची. कैक प्रिंटांना निशाणी नव्हतीच, एकदम नावांपासून सुरू.

तेव्हा कुणी कंपनीनं मुद्दाम कापली म्हणून ओरडू नका. अर्ध्या तर आम्हीच कापल्या. मी स्वतः कापल्यात. कात्री हातात असली की ती चार चौकटी म्हणजे काहीच वाटत न्हाई. आता वाटतं.

खडेबाजारवाला

बघा! म्हणजे निपाणीच्या माणसानं ते सिनेमे निशाणीशिवायच बघितले आणि त्याला पुरे वाटले. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

खानापूरची बाई

काका, झिजणं आणि पुसणं एक नव्हे. देवळातली पायरी पावलांनी झिजते ती निराळी आणि कुणी मुद्दाम उखडून फरशी घालतो ती निराळी.

चिकोडीचा

वाद प्रभातवर चाललाय, पण आमच्या घरात निशाणीचा घोळ रोज असतो, तो सांगतो. आई मराठी मालिका बघते, बायको माहेरची कन्नड, ती कन्नड बघते. पूर्वी एक ई टीव्ही मराठी, एक ई टीव्ही कन्नड. 2015 ला दोन्हींची नावं कलर्स झाली. तसंच अल्फा मराठीचं 2005 ला झी मराठी झालं, आणि पुढं झी कन्नडही आलं. आज पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं तर दोन्ही भाषांच्या वाहिन्यांची खूण एकच, फरक फक्त लिपीचा. माझ्या मुलाला अजून वाचता येत नाही, पण रिमोटनं आजीची वाहिनी कुठली आणि आईची कुठली ते तो ओळखतो. कशावरून? खुणेवरून नाही, बातम्या आणि गाण्यांच्या आवाजावरून. मुंबईत एका टेबलावर ठरलेली निशाणी सगळ्या राज्यांना वाटली की असं होतं. तुतारीवाल्या बाईकडं बघून ती कुठली आहे ते कळत होतं. मला शहापूरकरांचं यासाठी पटतं.

एडिटिंगवाला_टिळकवाडी

यावर मला बोलायला नाही. तरी एक सांगतो, खूण एक झाली म्हणून सीमाभागातल्या घरात दोन्ही वाहिन्या एकाच पॅकेजमध्ये स्वस्तात येतात. हेही त्याच टेबलावर ठरलं.

शहापूरकर

ऑपरेटर काका, तुमचं लिहिलेलं आजीला वाचून दाखवलं. ती लग्नाआधी निपाणीतच होती. मी विचारलं, तिथं तुतारी दिसायची का? म्हणाली, "कधी दिसायची, कधी नुसता आवाज यायचा, बाई दिसायच्या आत नावं." म्हणजे ती बेळगावात लग्न करून आली, इथं चांगली प्रिंट बघितली तेव्हा तिला अख्खी बाई दिसली. त्यामुळं तिची वाट बघणं मला आता आणखीच समजतंय. आणि माझी कसोटी थोडी बदलतो: ज्यांच्याकडं अख्खी निशाणी आहे त्यांनी ती कापू नये. ज्यांच्याकडं नाही त्यांना दोष नाही. 2003 साली पुण्यात फिल्म संग्रहाच्या आगीत प्रभातच्या जुन्या नायट्रेट फिल्मा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या, जळाल्या. आधीच एवढं गेल्यावर, उरलेलं दहा सेकंदांसाठी टाकणं मला सहन होत नाही.

जुना ऑपरेटर, निपाणी

आजींना नमस्कार सांगा. एक गोष्ट लिहायची राहिली. कापलेल्या चौकटी मी सगळ्या फेकल्या न्हाईत. तंबाखूच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. बऱ्याच मुंबईच्या कंपन्यांच्या आहेत, सिंह हाय, कमळातली राजकमलची बाई हाय. तुतारी हाय का ते सांगता येणार न्हाई, डोळ्यांना आता बारीक दिसत न्हाई.

शहापूरकर

रविवारी येऊ का?

खडेबाजारवाला

मीही येतो गाडी घेऊन. मत बदललेलं नाही माझं.

जुना ऑपरेटर, निपाणी

या. दहाच्या आत या, उजेड चांगला असतो. येताना भिंग आणि सुती हातमोजे आणा. चौकट कडेनं धरायची, मधे बोट लावायचं न्हाई.