व्हिएन्नात तीन रात्री, मोठं हॉटेल आणि सासूबाईंचं जेवण

राजारामपुरी_९वी_गल्ली
ऑक्टोबरात व्हिएन्नाला तीन रात्री जायचं आहे. आम्ही दोघं आणि सासूबाई. ऑपेराजवळ झाखर किंवा इम्पीरियल, यांपैकी एक घ्यायचा विचार आहे. विमान सकाळी ७ ला उतरतं. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. आम्ही चिकन-मटण खातो, गोमांस आणि डुक्कर नाही. खोली घेताना काय बघावं? जेवणात फसायला कुठं होतं?

रंकाळाकाठ
फसायला होतं ते सुपात. तिथलं 'रिंडसुपं' म्हणजे गोमांसाचं अळणी. आपण मटणाचं काढतो तसंच, फक्त गाळून नितळ केलेलं. त्यात धिरड्याच्या पट्ट्या सोडतात, त्याला 'फ्रिटाटेनसुपं' म्हणतात. वाडगा दिसायला अगदी शाकाहारी असतो. भाज्यांचं सूपही कधीकधी याच रश्श्यात करतात, म्हणून दरवेळी विचारायचंच.

श्निट्झेल म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा. 'वीनर श्निट्झेल' हे नाव वासराच्या मांसालाच लावायचं, असा तिथं नियम आहे. 'फोम श्वाइन' लिहिलं असेल तर डुक्कर. तुम्हाला 'फोम हून' म्हणजे कोंबडीचं चालेल, पण ते कशात तळतात तेही विचारा. डुकराच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे.

मेनूत पदार्थापुढं बारीक अक्षरं असतात, ती ॲलर्जीची. सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध. सासूबाईंसाठी सी नसलेलं शोधा. मात्र मांसाला अक्षर नाही, त्यामुळं अक्षरं बघून पदार्थ शाकाहारी ठरवू नका.

गोडात झाखरटोर्टं, म्हणजे चॉकलेट केक, त्यात अंडी भरपूर. कैझरश्मार्न म्हणजे तुकडे केलेलं जाड गोड धिरडं, त्यात अंडी, आणि बेदाणे बरेचदा रममध्ये भिजवलेले. आपफेलश्ट्रूडेल म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेली गुंडाळी, तिची पारी मूळ पद्धतीनं मैदा, पाणी आणि तेलाची, पण वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. सी तपासा, आणि व्हॅनिला सॉस नको म्हणा, त्यात बलक असतो. त्याऐवजी 'श्लागोबर्स', म्हणजे फेटलेली साय मागा.

पंचगंगा_घाट
खोलीबद्दल. इम्पीरियल मुळात १८६३ चा राजवाडा, १८७३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याचं हॉटेल झालं. झाखर १८७६ चं, ऑपेराच्या अगदी मागं. दोन्ही जुन्या इमारती, त्यामुळं एकाच दरातल्या खोल्यांतही फरक पडतो. रस्त्याकडच्या बाजूला रहदारीचा आवाज, आतल्या चौकाकडं शांतता. सासूबाईंसाठी चौकाकडची घ्या.

दोन खोल्या घेणार असाल तर मेलमध्ये 'कनेक्टिंग' हाच शब्द लिहा. 'ॲडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी, मधलं दार नाही. उत्तरात 'कन्फर्म्ड' आलं पाहिजे. 'विनंती नोंदवली' याला अर्थ नाही. त्याच मेलमध्ये बाथरूमचंही विचारा. शॉवर टबाच्या आत असेल तर गुडघ्याएवढा कठडा ओलांडावा लागतो, वयस्क माणूस तिथंच घसरतं. 'वॉक-इन शॉवर' मागा. जेट स्प्रे सहसा नसतो, छोटा मग न्या.

खोली साधारण दुपारी ३ ला मिळते. सकाळीच हवी असेल तर आदली रात्रही बुक करणं हाच खात्रीचा मार्ग. नाहीतर बॅगा ठेवून बाहेर पडायचं.

चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतात. त्यासाठी क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड दिलं तर ते युरो सुटेपर्यंत कित्येक दिवस जातात आणि बाकीच्या खर्चाला पैसे उरत नाहीत. मशीननं 'रुपयांत की युरोत' विचारलं तर युरो.

शाहूपुरीकर
टीप टेबलावर ठेवून उठायचं नाही. बिल ४६ आलं तर पैसे देतानाच "फ्युन्फत्सिश" म्हणजे ५० म्हणायचं. ५ ते १० टक्के पुरे. टोपलीतला पाव बरेचदा नगावर मोजतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही: "त्साहलन, बिट्टं". आणि रविवारी दुकानं बंद, खरेदी शनिवारीच उरका.

राजारामपुरी_९वी_गल्ली
मनापासून आभार! सासूबाईंना रात्री सूप लागतंच, मग काय करू?

रंकाळाकाठ
दोन दिवस आधी हॉटेलच्या कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची सोय बघणाऱ्या माणसाला, मेल करा, ताई. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, तिथं त्यात अंडं येतंच. लिहा: मांस, मासे, अंडी नाहीत, सूप भाज्यांच्या पाण्यातलंच हवं, दूध-लोणी चालेल. वेळ ७ ची द्या. उशिरा किचन आवरायला लागतं, मग वेगळं काही करून मिळणं अवघड.