कॅपाडोशियाचा सूर्योदय: फुग्यातून की टेकडीवरून?

पायवाट:
गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं तुर्कस्तानला जाऊन आलो. मी, नवरा, माझ्या मोठ्या जाऊबाई आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "कॅपाडोशियात बलूनमध्ये, त्या गरम हवेच्या फुग्यात बसलात ना?" बसलो. तरीही कुणी सल्ला मागितला तर मी आता सांगते, कॅपाडोशियाला जरूर जा, तिथला सूर्योदय चुकवू नका, पण तो गोरेमे गावामागच्या टेकडीवरून बघा. फुग्याचे पैसे वाचवा.

आम्ही तिथे चार दिवस होतो. पहिल्या पहाटे आमचं बुकिंग नव्हतं म्हणून टेकडीवर गेलो. खाली दरीत मिट्ट काळोख. मग एका कोपऱ्यात एक फुगा उजळला आणि विझला. मग दुसरीकडे दोन. दिवाळीत वाड्यातले आकाशकंदील एकामागून एक लागावेत तसे ते पेटत गेले आणि जरा फटफटल्यावर सगळे एकदम वर यायला लागले. शंभराच्या वर असतील. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. दोघींनाही बोलायला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला गाडी न्यायला आली. रानात तासभर कुडकुडलो आणि निरोप आला, वारा आहे, आज उड्डाण नाही. तिसऱ्या दिवशी उडालो. वीस माणसं, टोपलीचे चार कप्पे, एका कप्प्यात पाच जण. माझी उंची पाच फूट. टोपलीचा काठ छातीशी येतो आणि पुढे एका उंच गृहस्थांचं कोपर. डोक्यावर बर्नरची धग इतकी की टाळू तापली आणि पाय मात्र गारठलेले. माणशी २२० युरो, म्हणजे चौघांचे नव्वद हजार रुपये.

मला सर्वात जास्त सलतं ते वेगळंच. दोन पहाटा अशा गेल्या की दुपारी डोळे उघडेनात, आणि डार्क चर्च राहून गेलं. हजारएक वर्षांपूर्वी खडकात कोरलेलं हे चर्च. उजेड यायला एक लहानशी खिडकी, त्यामुळे आतली भिंतीवरची चित्रं उन्हाने विटली नाहीत. शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिल्यापासून मला अशा जागांचं वेड आहे. इतक्या लांब जाऊन ते राहिलं, आणि राहिलं ते फुग्यापायी.

दिगंत:
पायवाटताई, टेकडीवरच्या दृश्याबद्दल लिहिलंत ते सगळं मान्य. पण तुमचा फुगा गर्दीचा निघाला म्हणून फुग्यावरच काट मारू नका.

आम्ही मे महिन्याच्या शेवटी गेलो होतो. मला तिथे जे मिळालं ते डोळ्यांपेक्षा कानांना मिळालं. बर्नर बंद झाला की काहीच ऐकू येत नाही. वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच निघालेलो असतो. बायकोने खांद्यावर ओढणी टाकली होती, तिचं टोकसुद्धा हलत नव्हतं, आणि खाली जमीन सरकत होती. कुठल्यातरी अंगणात कोंबडा आरवला तो अगदी शेजारच्या घरात आरवावा इतका जवळून. एक म्हातारे गृहस्थ मळ्यात उभे होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज वर आला.

मग वैमानिकाने फुगा दरीत उतरवला. दोन्ही बाजूंना खडक आणि त्यात कबुतरांसाठी कोरलेले खुराडे. त्यांची विष्ठा तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळ्यांना खत म्हणून घालत आलेत. खुराड्याच्या भोकांभोवती तांबड्या रंगाने काढलेली नक्षी आहे. ती मी हात लांब केला असता तर लागेल इतक्या अंतरावरून पाहिली. जर्दाळूच्या झाडाचा शेंडा टोपलीच्या बुडाला घासला, पानं खरखरली, आणि आम्ही पुन्हा वर. टेकडीवरून हे कसं मिळणार?

डार्क चर्च राहिलं हे वाईट झालं, पण तो दोष वेळापत्रकाचा.

गोदाकाठ:
दोघांनीही मुख्य गोष्ट सोडलीत. २६ फेब्रुवारी २०१३ ला इजिप्तमध्ये लक्सरला असाच पहाटेचा फुगा उतरताना पेटला. आत २१ माणसं होती, १९ गेली. ३० जुलै २०१६ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ फुगा विजेच्या तारांना लागला, १६ च्या १६ गेले. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये न्यूझीलंडला कार्टरटनला तारांमध्येच अडकून ११. जून २०२५ मध्ये ब्राझीलला ८. आणि खुद्द कॅपाडोशियात मे २०१३ मध्ये वर येणारा फुगा वरच्या फुग्याच्या टोपलीला लागून फाटला, त्यात ब्राझीलचे पर्यटक गेले.

मला दोन लहान मुलं आहेत. ज्या वाहनाला सुकाणू नाही, ब्रेक नाही, आणि जे कुठे उतरेल ते चालवणाऱ्यालाही निघताना नक्की सांगता येत नाही, त्यात मी हौस म्हणून बसणार नाही. कामासाठी जोखीम घ्यावी लागली तर घेईन. फोटोसाठी नाही.

जुना_यंत्रज्ञ:
गोदाकाठ, तुम्ही दिलेल्या घटना खऱ्या आहेत आणि त्या इथे यायलाच हव्या होत्या. पण "सुकाणू नाही" यावरून फुगा बेभरवशाचा असा अर्थ निघत नाही. मी चाळीस वर्षं बॉयलर आणि बर्नर यांच्यात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आतली हवा साधारण शंभर अंशांपर्यंत तापवतात. अशी एक घनमीटर हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. म्हणूनच वीस-बावीस माणसं उचलायला दहा हजार घनमीटरच्या घरातला फुगा लागतो. बाहेरची हवा जितकी गार तितकी उचल जास्त, आणि गॅस कमी लागतो. पहाटेची वेळ ठरते ती यामुळे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे ऊन चढलं की जमीन तापते, तापलेल्या हवेचे लोट वर उठतात आणि शांत हवा ढवळून निघते. सूर्योदयानंतरचे पहिले एक-दोन तास हेच खरे उडायचे. रम्य देखावा ही त्यातली वरकमाई.

दिशेचं म्हणाल तर वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या बाजूला वाहतो. दरीत थंड हवा उताराकडे सरकत असते, वर शंभर-दोनशे मीटरवर दुसराच वारा असतो. वैमानिक वर-खाली होऊन हवा तो वारा पकडतो. कॅपाडोशियातले अनेक वैमानिक टोपली थेट ट्रेलरवर टेकवतात. मी हे समोर उभं राहून पाहिलंय. खालची चार माणसं दोर धरून होती, जीपचा ड्रायव्हर हातभर पुढे, हातभर मागे करत होता, आणि एवढी जड टोपली पाट मांडून त्यावर कळशी ठेवावी तशी बसली. सुकाणू नसलेल्या वाहनात हे जमतं ते कसबामुळे.

तुम्ही म्हणता त्यातल्या पहिल्या तीन अपघातांत यंत्र फसलं ते लक्सरला. तिथे इंधनाच्या नळीची गळती होती. लॉकहार्टला वैमानिकाचे आजार आणि तो घेत असलेली औषधं, कार्टरटनच्या वैमानिकाच्या रक्तात गांजाचा अंश. कॅपाडोशियात त्या सकाळी उडायचं की नाही हे फुगेवाला ठरवत नाही, तिथलं नागरी विमान खातं ठरवतं. पायवाटताईंचं उड्डाण रद्द झालं ना, तीच सुरक्षा. त्या दिवशी रानात कुडकुडलात म्हणून तिसऱ्या दिवशी सुखरूप उतरलात.

गोदाकाठ:
काका, तुम्ही उत्तर दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. अमेरिकेत पैसे घेऊन फुगा चालवणाऱ्याला लॉकहार्टपर्यंत वैद्यकीय तपासणीचा दाखलाच लागत नव्हता. तो नियम करायला २०२२ उजाडलं. सोळा माणसं गेली, वर सहा वर्षं गेली. मग मी पर्यटक म्हणून पहाटे पाचला अंधारात उभा राहून समोरच्या माणसाची तब्येत आणि त्याची गॅसची नळी कशी तपासणार? मला ना भाषा येते ना विषय. तुम्ही बॉयलरवाले, तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळेल. मला नाही कळणार.

जुना_यंत्रज्ञ:
हा मुद्दा बिनतोड आहे. एवढंच म्हणेन की रद्द करण्यावरून पारख करा. "वारा असला तरी तुमच्यासाठी उडवतो" असं कुणी म्हणालं तर पैसे सोडा आणि परत फिरा. आणि लहान मुलांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. पाच-सहा वर्षांखालच्यांना बहुतेक जण घेतच नाहीत, कारण उतरताना गुडघे वाकवून, पाठ टेकवून, आतला दोर धरून बसावं लागतं, आणि काठावरून डोकावायचं नसतं. मूल ऐनवेळी उठून उभं राहिलं तर काय घ्या.

तांबडी_माती:
जिवाचं झालं, पैशाचं झालं. आता त्या जमिनीचं कुणी बोलेल का?

मी भूगोल शिकवते. आपला सह्याद्री लाव्हा थिजून झाला, काळा, टणक. तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा आहे, मऊ. म्हणून तर माणसांनी त्यात घरं, चर्च, सात-आठ मजले खोल भुयारी गावं कोरली. पावसापाण्याने झिजून सुळके उरले, त्यांना तिथले लोक पेरी बाजासी म्हणतात, परीचं धुराडं. 'परी' हा शब्द त्यांचा आणि आपला एकच, फारसीतून आलेला. पण जो खडक छिन्नीने सहज कोरला जातो तो टायरखालीही तितक्याच सहज भरडला जातो.

प्रत्येक फुग्यामागे जमिनीवर एक जीप आणि ट्रेलर धावतो. शंभर फुगे म्हणजे शंभर जिपा, त्यात प्रवासी आणणाऱ्या गाड्या वेगळ्या. शिवाय तो देखावा उजाडताना टेकडीवरून बघायला आलेल्यांच्या गाड्या. म्हणजे पायवाटताई, टेकडीसुद्धा यातून सुटत नाही. गोरेमेचा परिसर १९८५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि २०१९ मध्ये तिथला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा सरकारने काढून घेऊन कारभार वेगळ्या प्राधिकरणाकडे दिला. मी गेले तेव्हा गुलाबी दरीच्या वरच्या अंगाला चाकोऱ्यांनी पांढरा पडलेला पट्टा पाहिला. त्याच्या कडेला द्राक्षाचा वेल होता, निम्मा धुळीने माखलेला.

आपल्याकडे कासला फुलांच्या दिवसांत दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात. लोक कुरकुरले, पण पठार वाचलं. तिथेही फुग्यांची संख्या निम्म्यावर आणावी असं माझं ठाम मत आहे. तिकीट महाग झालं तरी चालेल.

दिगंत:
ताई, महाग झालं तर फक्त श्रीमंत उडतील. हे कसलं रक्षण? आणि त्या गावांचं पोट यावर आहे. आमचा ट्रेलरवाला मुलगा सांगत होता, वडील मळा करायचे, आता तिघे भाऊ फुग्यांवर आहेत. चाकोऱ्या पडतात तर रस्ते आखून द्या, उतरायच्या जागा ठरवून द्या.

तांबडी_माती:
उतरायच्या जागा ठरवून द्यायला फुगा काय एसटी आहे? वरचं सगळं वाचलंत ना, वारा नेईल तिथे तो उतरतो. रस्ते आखायचं मात्र मान्य. त्या मुलाच्या पोटाचंही मान्य, पण दरीच झिजली तर त्याच्या मुलांनी काय करायचं?

सावली:
मी बाबांना घेऊन गेले होते. वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, टोपलीला दार नसतं. बाहेरून पाय ठेवायला खाचा असतात, त्यात पाय देऊन काठावरून आत जायचं. बाबांनी एकदा त्या खाचेकडे पाहिलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "तू जा बाळ, मी खालून बघतो."

मी गेले नाही. आम्ही दोघं रानातच थांबलो. मोठ्या पंख्याने गार हवा भरताना तो फुगा जमिनीवर लोळत होता. एक माणूस तोंडाचं कापड दोन्ही हातांनी ताणून धरून आत उभा होता. मग बर्नर लागला आणि सगळा फुगा आतून केशरी होऊन हळूहळू उठून बसला. बाबांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमचे पैसे परत मिळाले नाहीत. आदल्या दिवशी गुडघ्याचं सांगितलं होतं तरी "चालेल" म्हणाले होते, याचा राग अजून आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर खाचांचं आणि उतरण्याचं आधी लेखी विचारून घ्या.

गोदाकाठ:
सावली, तुझं वाचून थांबलो थोडा वेळ. माझ्या आईला ६८ व्या वर्षी जायचंय. तिला कसं नाही म्हणू तेच कळत नव्हतं. आता तिला रानात उभं राहून बघायला नेईन.

दिगंत:
आईंचे गुडघे ठणठणीत असतील तर त्यांना विचारून बघा हो. भीती तुमची आहे, त्यांची नाही.

पायवाट:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. जुना_यंत्रज्ञ काका, रद्द झालेल्या पहाटेबद्दल माझी चूक झाली. मी ती वाया गेली म्हणून मोजत होते. तांबडी_माती, टेकडीवर आम्हीही गाडीनेच गेलो. गावातून चालत पाऊण तासाची वाट होती, ती मी पुढच्या वेळी धरेन.

पण मत बदललेलं नाही. दिगंत, तुम्ही सांगितलेली शांतता मला मिळाली नाही. आमच्या कप्प्यात शेवटपर्यंत कुणी ना कुणी व्हिडिओ कॉलवर होतं. ती मिळाली असती तर कदाचित मी दुसरं काही लिहिलं असतं. मला ती मिळाली टेकडीवर, फुकट, जाऊबाईंचा हात हातात असताना.

दिगंत:
हे मात्र मी नाकारू शकत नाही. तरी पुन्हा गेलात तर लहान टोपली घ्या, आठ-दहा जणांची. थोडे जास्त पैसे पडतील. आणि पहिल्याच पहाटेचं बुकिंग करा, म्हणजे रद्द झालं तरी पुढे जागा मिळते.

पायवाट:
पहिली पहाट फुग्याला दिली तर डार्क चर्च कधी?

दिगंत:
त्याच दिवशी, फुग्यातून उतरल्या उतरल्या. नाश्ता नंतर. उघडायच्या वेळेला दारात उभ्या राहा, आत कुणी नसतं.

पायवाट:
जाऊबाईंना दाखवते हे.