वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या सोडायचा आहे, अंगावर पिणारी पिलं आहेत

राखणदार१२: बचाव केंद्रातल्या टोळीत 5 माद्या, त्यातल्या दोघींची पिलं 4 आणि 6 महिन्यांची, शिवाय अडीच वर्षांचा एक नर. जुना हुप्प्या गेल्या महिन्यात मेला. दुसरा प्रौढ नर शेजारच्या पिंजऱ्यात, मध्ये जाळी. क्वारंटाइन, टीबीची चाचणी झाली. दार किती दिवसांनी उघडायचं?

जाळीपलीकडे: दिवस नका मोजू, पिलं मोजा. टोळीवर ताबा घेणारा नर आधीच्या नराची पिती पिलं मारू शकतो; 1960च्या दशकात जपानी संशोधक सुगियामा यांनी धारवाडच्या वानरांत हे नोंदवलं. पिलू गेलं की मादी लवकर माजावर येते, हे कारण सांगतात. रानात मादी पिलू घेऊन लांब जाते, पिंजऱ्यात कुठे जाणार? पिलं साधारण वर्षाची होऊन दूध सुटेपर्यंत थांबा. बाकी तिघींची सोनोग्राफी करा. गर्भकाळ सुमारे 200 दिवस, म्हणजे जुन्या नराचं पिलू अजून पोटात असू शकतं. आणि तेही नव्या नराला परकंच.

राखणदार१२: नसबंदी करून सोडला तर?

डॉक्टर_पशू: उपयोग नाही. वृषणं जागेवर, टेस्टोस्टेरॉन तेवढंच, स्वभावही तोच. वर काही आठवडे शुक्रजंतू उरतात. अडीच वर्षांच्या नराला मात्र आधीच वेगळं करा. रानात त्याला हुसकावलं असतं तर नरांच्या टोळीत गेला असता. इथे कोपऱ्यात सापडेल.

जाळीपलीकडे: जाळीतून बोट जावं, हात नाही. अर्ध्या जाळीवर पत्रा लावा, मादीला नजरेआड होता आलं पाहिजे. माद्या मान हलवून नराकडे पाठ करू लागल्या (हे मीलनाचं आमंत्रण), जाळीतून एकमेकांचं अंग विंचरू लागले की चांगलं. नर टक लावून दात करकरतोय तर दार बंदच.

उघडायचं ते सकाळी, सगळी माणसं हजर असताना. आधी पिलू नसलेल्यांपैकी दोघी, सुरुवातीला अर्धा तास. प्रत्येक खोलीला दोन दारं उघडी हवीत. जास्त जखमा बंद कोपऱ्यातच होतात. पाल्याच्या फांद्या 8-10 ठिकाणी बांधा. केळ्यांचा एकच ढीग टाकला की भांडण ठरलेलं, आणि पोट फुगतं ते वेगळंच (पाला आंबवणारं पोट आहे ते). पाण्याचा पाइप हाताशी ठेवा. पहिले काही दिवस रात्री वेगळं कोंडा.

डॉक्टर_पशू: ओरखडे चालतील. सुळ्याची जखम बाहेरून छोटं भोक दिसते, आत खोल असते. लंगडणारं जनावर त्याच दिवशी तपासा.