मदत हवी आहे: १७ फुटी जुनी फायबरग्लास मोटरबोट, फ्लोअर कुजलाय. आत किती उघडावं लागेल?

डोलकाठी:

बोट १७ फुटी, आउटबोर्ड, ९० हॉर्सपॉवर. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, फायबरग्लासचा आहे. फ्लोअर, त्याखालचे दोन स्ट्रिंगर (लांबीच्या दिशेने जाणारे आधाराचे दांडे) आणि ट्रान्सम (इंजिन लागतं ती मागची भिंत) हे तिन्ही प्लायवूडवर ग्लास (रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड) चढवून केलेले. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) चकाचक आहे, पण आत पुढची लक्षणं दिसतात:

ड्रायव्हर सीटच्या मागे पाय ठेवला की फ्लोअर सेंटिमीटरभर दबतो. सीटचे स्क्रू फिरत राहतात, आवळत नाहीत. ड्रेन प्लग काढून, नाक उंच करून बोट दोन दिवस ठेवली तरी मागून तपकिरी पाणी ठिबकतंच आहे. फ्लोअरखाली पिवळा ओतीव फोम आहे.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, जुन्या फ्लोअरवरच १२ मिमी प्लाय स्क्रूने मारून वर ग्लास चढवणे. दोन, मऊ जागी भोकं पाडून पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन) ओतणे. यातलं काही चालेल का? आणि सगळं उघडावंच लागलं तर रेझिन कोणतं, माल किती आणि सुरुवात कुठून?

बिल्ज_पंप:

दोन्ही पर्याय बाद. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असा प्रकार होईल.

फ्लोअर वरून कुजत नाही. सीटच्या उघड्या स्क्रूभोकांतून पाणी आत जातं, फोममध्ये मुरतं आणि प्लायच्या खालच्या बाजूला, जिथे कारखान्यात बहुतेक वेळा रेझिनचा जेमतेम एक हात मारलेला असतो, तिथून लाकूड खायला लागतं. वर नवा प्लाय मारला तर ती ओल कायमची कोंडली जाते आणि बोटीचं वजन वाढतं ते वेगळंच. पातळ इपॉक्सी ओल्या लाकडात शिरत नाही. कोरड्या कुजलेल्या लाकडात शिरलं तरी हाती येतो तो कडक झालेला भुसा. स्ट्रिंगरला लागणारी ताकद त्यात नसते.

कापाकापीआधी निदान करा. ६ मिमीच्या बिटने आतल्या बाजूने भोकं घ्या. ट्रान्समला तळापासून दोन इंचांवर, ड्रेन प्लगच्या दोन्ही बाजूंना आणि इंजिनच्या बोल्टांजवळ. स्ट्रिंगरला मागच्या टोकाशी, मध्ये आणि पुढे. बिटला लागून येणारा भुसा बघा. फिकट, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड शाबूत. काळपट, ओला, कुबट वासाचा असेल तर गेलं. बिट पलीकडच्या ग्लासपर्यंत नेऊ नका, खोलीची खूण म्हणून त्यावर टेप गुंडाळा. मॉइश्चर मीटरवर फार भिस्त ठेवू नका. मागे ओला फोम असला की तो चांगल्या लाकडालाही ओलं ठरवतो.

आणखी एक चाचणी: इंजिन अर्धं टिल्ट करून स्केगला (प्रॉपेलरखालच्या पात्याला) धरून हळूहळू वरखाली करा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. ती कड हलताना दिसली तर भोकं पाडायचीही गरज नाही.

डोलकाठी:

भोकं घेतली. ट्रान्सम खालच्या निम्म्या भागात काळा आणि ओला, वर कोरडा. डावा स्ट्रिंगर मागचे सहा फूट गेलेला, पुढे ठीक. उजवा तीन ठिकाणी तपासला, तिन्हीकडे ओला. एका भोकातून चक्क पाणी आलं.

सुकाणू:

म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. फ्लोअर, दोन्ही स्ट्रिंगर आणि पूर्ण ट्रान्सम बदला. डाव्या स्ट्रिंगरचा पुढचा भाग वाचवायचा मोह होईल, पण ओल लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुढे सरकलेली असते. जोड द्यायचाच असेल तर काळं लाकूड संपतं तिथून निदान फूटभर पुढे कापा आणि जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा सांधा करा. एवढ्या मेहनतीत नवा स्ट्रिंगरच होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करवत हातात घ्यायच्या आधी हलला आधार द्या. कुजलेला असला तरी तोच सांगाडा आत्ता हलचा आकार धरून आहे. फ्लोअर आणि स्ट्रिंगर निघाले की उरतं ते नुसतं लवचीक टरफल. रोलरच्या ट्रेलरवर ते रोलरपाशी आत दबतं आणि मध्ये लोंबतं. त्या अवस्थेत नवा सांगाडा बसवला की वाकडेपणा कायमचा पक्का. ट्रान्समजवळच्या शेवटच्या चार-पाच फुटांत तळाला आतल्या बाजूने खळगा पडला तर बोट वेगात नाक खाली दाबते, आणि हा दोष नंतर प्रॉपेलर किंवा ट्रिम बदलून जात नाही. म्हणून कीलखाली (तळाच्या मधल्या कण्याखाली) सलग लाकूड द्या, दोन्ही बाजूंना हलच्या आकाराला कापलेले किमान तीन पाळणे ठेवा आणि त्यातला एक बरोबर ट्रान्समखाली येऊ द्या. कीलला दोरी ताणून सरळपणा बघा. तीन ठिकाणी काठापासून काठापर्यंतची रुंदी मोजून लिहा आणि त्याच मापाच्या आडव्या पट्ट्या काठांना स्क्रूने ठोका.

दोन्ही स्ट्रिंगर एकाच दिवशी उपटू नका. एक काढा, नवा बसवा, ग्लास करा, मग दुसरा. ट्रान्समही स्ट्रिंगरांसोबत उघडा टाकू नका.

रेझिनची_बादली:

वरच्या प्रतिसादाला +१. कापण्याबद्दल थोडं:

आधी इंधनाची टाकी आणि नळ्या पूर्ण बाहेर. फ्लोअरखाली साचलेली पेट्रोलची वाफ आणि ग्राइंडरची ठिणगी, एवढं पुरे. नंतर सर्क्युलर सॉची खोली फ्लोअरच्या जाडीएवढीच, साधारण १५ मिमी, लावा आणि हलच्या भिंतीपासून दोन-तीन इंचांची कड सोडून कापा. ती कड नव्या फ्लोअरची उंची दाखवते, ती शेवटी ग्राइंडरने काढायची. स्ट्रिंगरची उंची दर फुटाला मोजून लिहा आणि जागा हलवर मार्करने आखा. रेषा ग्राइंडिंगमध्ये पुसली जाते, म्हणून मापं ट्रान्सम आणि मध्यरेषेपासूनही घ्या.

ग्लासची धूळ म्हणजे खाज आणि फुप्फुसांचं नुकसान. कापडी मास्क उपयोगाचा नाही. धूळ आणि सेंद्रिय वाफ दोन्हींचे फिल्टर असलेला रेस्पिरेटर, बंद गॉगल, अंगभर ओव्हरऑल.

रेझिनचा वाद इथे नेहमीच पेटतो, म्हणून माझं मत सरळ सांगतो. जुन्या, पूर्ण क्युअर झालेल्या (पक्क्या कडक झालेल्या) पॉलिएस्टरवर इपॉक्सी जास्त चांगलं चिकटतं आणि लाकडालाही. महाग असतं, पण तुमच्या कामात सगळेच सांधे जुन्या हलवर आहेत. पॉलिएस्टरनेही काम टिकतं, कारखान्यात तेच वापरलं होतं. फक्त ग्राइंडिंगमध्ये हयगय चालत नाही. ३६ किंवा ४० ग्रिटच्या सँडपेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, धूळ ओढून काढा, मग स्वच्छ फडक्याने ॲसिटोन. एक पथ्य पाळा: इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर किंवा जेलकोट चढवू नका, पकड धरत नाही. उलट क्रम चालतो.

बिल्ज_पंप:

रेझिनच्या मुद्द्यावर थोडा असहमत. पहिल्यांदा काम करणाऱ्याला पॉलिएस्टर माफ करतं. कॅटॅलिस्ट (पॉलिएस्टर कडक करणारं रसायन) वजनाच्या १ ते २ टक्क्यांत, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, हवामानानुसार कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. जास्त घातला तर लवकर सुकत नाही, कायमचा चिकट राहतो.

पण पॉलिएस्टरमध्ये १ टक्क्याच्या खाली जाऊ नका, अर्धवट क्युअर होतं. आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर वेगळा मिळत असेल तर तो आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

रेझिनची_बादली:

मान्य. मग मॅटचंही सांगायला हवं. चॉप्ड स्ट्रँड मॅटमधला (तुटक काचतंतूंच्या चटईतला) बाइंडर, म्हणजे तंतू धरणारा गोंद, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे साधी मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सी घेतलंत तर शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड घ्या. १७०८ हे मॅट जोडलेलं बायॲक्सियल कापड दोन्हींत चालतं, कारण त्याची मॅट शिवलेली असते.

डोलकाठी:

इपॉक्सीच घेतो. स्ट्रिंगर बसवायचा क्रम आणि मालाचा अंदाज मिळेल का? स्ट्रिंगर ३.६ मीटर लांब, सरासरी २० सेंमी उंच. फ्लोअर ३.६ × १.७ मीटर. ट्रान्सम २ × ०.६ मीटर.

सुकाणू:

स्ट्रिंगर १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून करा. हिशोब छान बसतो: ८ × ४ फुटी एका शीटमधून २० सेंमीच्या सहा पट्ट्या निघतात. प्रत्येक थराला एक पूर्ण पट्टी आणि १.१६ मीटरचा तुकडा. चार थरांना सहा पट्ट्या बरोबर पुरतात. एका थराचा जोड पुढे आणि दुसऱ्याचा मागे ठेवा, म्हणजे जोडांत सव्वा मीटरचं अंतर पडतं. ट्रान्समचे दोन्ही थर १८ मिमीच्या दुसऱ्या शीटमधून, फ्लोअरला १२ मिमीची तीन शीटं. प्लाय मरीन दर्जाचाच, आत पोकळ्या नसलेला. तांब्याच्या औषधाने प्रक्रिया केलेला प्लाय बहुधा ओला येतो आणि रेझिन नीट धरत नाही, तो टाळा.

स्ट्रिंगर हलवर लाकडाने टेकवू नका. टेकला तिथे कडक बिंदू तयार होतो आणि लाटांच्या माराने बाहेरून तडा दिसतो. ५-६ मिमी फट ठेवा, ती सिलिका घालून पीनट बटरसारख्या घट्ट केलेल्या रेझिनने भरा आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ मिमी त्रिज्येचा गोल फिलेट (कोपरा भरणारी गोलाई) ओढा. काटकोनी कोपऱ्यात कापड बसत नाही, मागे हवा राहते. वरच्या कडाही गोल करा. फिलेट अजून किंचित मऊ असतानाच १७०८ चा पहिला थर, हलवर दोन्हीकडे १० सेंमी येईल असा; दुसरा १५ सेंमी. दोन्ही एकाच रेषेत संपवू नका.

माल: दोन स्ट्रिंगरांना दोन थरांत साधारण १० चौरस मीटर कापड, फ्लोअरला एक थर ६, ट्रान्समला तीन थर ४. वाया जाणारं धरून २२ चौरस मीटर. १७०८ साधारण ८०० ग्रॅम प्रति चौरस मीटर भरतं आणि तेवढंच किंवा थोडं जास्त रेझिन पितं, म्हणजे २० किलो. फ्लोअर दोन्ही बाजूंनी सील करायला ४ आणि पुटीला (घट्ट केलेल्या रेझिनला) ६. एकूण ३० किलो धरा. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं.

इपॉक्सीच्या दोन थरांत रात्र गेली तर वर मेणचट थर येऊ शकतो. आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मग घासा. उलट केलंत तर मेण आतच रगडलं जातं.

डोलकाठी:

ट्रान्समला बाहेरचं ग्लास ठेवून आतून लाकूड काढायचं, बरोबर ना? आणि फोम?

बिल्ज_पंप:

हो, बाहेरची कातडी ठेवा. सगळं लाकूड छिन्नीने आणि ग्राइंडरने काढा, शेवटचे मिलिमीटर हलक्या हाताने. कातडीला मागे किंचित गोलाई असते. दोन्ही थर एकदम न लावता एकेक चिकटवलेत तर प्लाय तिला अनुसरतो. दोन्ही पृष्ठभागांना आधी पातळ रेझिन पाजा, मग घट्ट मिश्रण दातेरी पट्टीने. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, सगळं रेझिन बाहेर पिळलं जातं आणि सांधा उपाशी राहतो. कडेने सारखं बाहेर आलं की थांबा.

इंजिनची भोकं १३ मिमी असतील तर आधी २५ मिमी पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा आणि क्युअर झाल्यावर मधोमध १३ मिमी पाडा. लाकडाला पाणी दिसतच नाही. ड्रेन प्लगला आणि सीटच्या स्क्रूंनाही हेच. कारखान्याने नेमकं हेच केलं नव्हतं.

फोम वगळू नका, बोट भरली तर तोच तरंगवतो. बंद पेशींचा, घनमीटरला साधारण ३२ किलो वजनाचा घ्या. एक घनमीटर फोम सुमारे ९६० किलो उचलतो. तुमच्या फ्लोअरखाली ०.३ घनमीटर जागा असेल तर २९० किलोच्या आसपास. त्याच जागेतला जुना फोम निम्मा भिजला असेल तर तुम्ही आत्ता दीडशे किलो पाणी वाहून नेताय. नवा ओतताना कीलच्या बाजूने अर्धा पाइप उपडा ठेवा, म्हणजे पाण्याला बिल्जपर्यंत (तळात पाणी साचतं तिथपर्यंत) वाट राहील. स्ट्रिंगरमध्ये पाणी जायची भोकं ठेवलीत तर त्यांत पाइपचे तुकडे रेझिनने बसवा. उघडं लाकूड ठेवलं की कूज तिथूनच पुन्हा सुरू.

रेझिनची_बादली:

एक भर. फोम थोडा थोडा ओता आणि फ्लोअरला हवा व फोम बाहेर यायला भोकं ठेवा. बंद जागेत जास्त ओतला तर तो नवा फ्लोअर उचलून टाकतो.

डोलकाठी:

समजलं. आधी पाळणे आणि मापं, मग उजवा स्ट्रिंगर. कीलखाली लाकूड सारलं तर कील मध्ये टेकतेय आणि टोकांना ९ मिमी फट दिसतेय. मध्ये जॅकने उचलून सरळ करू का?

सुकाणू:

आत्ता नको. ओला फोम आणि जुना सांगाडा त्या बाकाला धरून आहेत, जोर लावलात तर ग्लासला तडे जातील. फ्लोअर आणि फोम काढा, मग मध्ये पाचर ठोकत कील दिवसाला एक-दोन मिमी वर न्या आणि प्रत्येक वेळी दोरीला लावून बघा. कील दोरीशी सरळ जुळली की थांबा आणि त्यानंतरच पहिला स्ट्रिंगर उपटा.